राहीला मिरजेला नेलं तेव्हा

कोरेगावाकडची माणसं राहीला बघून गेली, त्या दिवशी बनाबाईच्या घरात चूल पेटली ती फक्त पाहुण्यांच्या चहापुरती.

माणसं तशी वाईट नव्हती. मुलगा एसटीत कंडक्टर होता, घरी विहिरीवरची बागायत होती, आणि स्थळ आणलं होतं खुद्द बनाबाईच्या थोरल्या दिरांनी, आप्पासाहेबांनी. राही खाली मान घालून पाटावर बसली. चैत्राचं ऊन कौलं तापवत होतं, तरी तिनं पदरावरून आईची जाड शाल पांघरली होती. मुलाच्या मावशीनं नाव विचारलं, शाळा किती झाली विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं. मग उठता उठता, दाराआडच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती आपल्या बहिणीला म्हणाली, "सोळाची म्हणत्यात, पर अंगावरनं दोन लेकरांची आय वाटतीया. काय भानगड न्हाई न्हवं?"

राहीनं ते ऐकलं. पाहुणे वेशीपर्यंत गेले नसतील तोवर ती शालीसकट घरामागच्या परड्यात गेली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. बनाबाई दोनदा हाक मारून आली. पोरगी उठेना.

रहिमतपूरपासून कोसभरावर पवारवाडी, तिथलं हे घर. राहीचा बाप हंबीरराव फौजेत हवालदार होता. चीनची लढाई संपून दीड वर्ष उलटलं होतं, तरी त्याची पलटण अजून सिक्कीमच्या डोंगरातच होती. शेती आप्पासाहेब बघायचे. राही एकुलती एक. तेराव्या वर्षापर्यंत पोरगी शेवग्याच्या शेंगेसारखी होती. विहिरीच्या मोटवणावरून उडी मारायची, चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसायची. चौदावं लागलं आणि तिची छाती वाढायला लागली, ती थांबायचं नावच घेईना. बनाबाईच्या हातात शिवणकाम होतं. तिनं आधी पोलकी उसवून मोठी केली, मग नवी शिवली, मग मांजरपाटाची पट्टी खांद्यांवरून घेऊन छातीवर घट्ट आवळून बांधायला शिकवलं. बनाबाईला तिच्या आईनं असंच शिकवलं होतं. नववीच्या वर्गातली पोरं काय काय बोलायला लागली तेव्हा बनाबाईनं राहीची शाळा बंद केली. पोरगी वाकून चालू लागली, मान दुखते म्हणू लागली, भांगलायला नेली तर दोन सऱ्यांतच कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. बनाबाई म्हणायची, "बाईच्या जातीला दुखायचंच. उगं बोभाटा करू ने."

त्या दिवशी घरात धोंडुबाई होती हे एक बरं झालं. धोंडुबाई म्हणजे हंबीररावची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सांगलीत हळदीच्या वखारीत निवडणीला जायची आणि आता तिथल्या बायकांची मुकादमीण झाली होती. बोटं कायमची पिवळी, अंगानं काडी, आणि जीभ अशी की वखारीचा शेटही तिच्याशी जपून बोलायचा. भाचीला बघायला माणसं येणार म्हणून ती मुद्दाम आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी तापवलं आणि परड्यात जाऊन राहीचा हात धरला. "चल पोरी, न्हाऊ घालते तुला. लय दिस झालं, आत्तीच्या हातनं न्हाली न्हाईस."

राही नको नको म्हणत राहिली, पण धोंडुबाईपुढं कुणाचं चाललं होतं? थोड्या वेळानं न्हाणीतून हाक आली. "बने, हिकडं ये जरा."

हाक चढ्या आवाजातली नव्हती, म्हणूनच बनाबाई हातातलं काम टाकून धावली. तिनं न्हाणीचा पडदा सारला. दोन वर्षं झाली, लेकीनं आईसमोर अंगावरचं कापड काढलं नव्हतं, आणि आईनंही कधी बघितलं नव्हतं. राही पाठमोरी बसली होती. दोन्ही खांद्यांवर पट्टीनं खोल चर पडले होते, बैलाच्या मानेला जू घासून पडतात तसे. छातीखालची कातडी ओल धरून सोलून निघाली होती. एका ठिकाणी रक्त सुकलं होतं.

"हे कवापासनं?" धोंडुबाईनं विचारलं.

"लय दिस झालं, आत्ती."

"आयला सांगितलं न्हाईस?"

"आय म्हणती, असंच असतंय."

बनाबाई उंबऱ्यावरूनच माघारी वळली. तिनं खोबरेल आणलं, हळद आणली, हलक्या हातानं जखमेला लावली. हात लागला की राही श्वास रोखायची, पण हूं की चूं करायची नाही. तिचं ते गप्प राहणं आईच्या जास्त जिव्हारी लागलं.

"हिला मी सांगलीला न्हेते," धोंडुबाई म्हणाली. "आमच्या वखारीच्या म्होरं एक डॉक्टरीणबाई हाय."

"वन्सं, असलं काय दवाखान्यात दावायचं असतंय व्हय?"

"बाईच हाय की ती बी. आन् एकलीला न्हाई न्हेत, तू बी चल संगं."

पोरीची पाठ धरलीय, सांगलीला दाखवून आणतो, एवढंच त्यांनी आप्पासाहेबांना सांगितलं. खोटं त्यात काही नव्हतं.

गोसावी डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. त्यांनी पडद्याआड राहीला तपासलं, बाहेर येऊन हात धुतले आणि खुर्ची बनाबाईच्या अगदी जवळ ओढून बसल्या.

"हा लठ्ठपणा नाही," त्या म्हणाल्या. "मुलीचे हात बघा, पाय बघा, कसे सडपातळ आहेत. कुणाची नजरही लागलेली नाही, आणि हिनं काही केलेलंही नाही. वयात येताना एखाद्या मुलीच्या अंगात असं होतं. वाढ प्रमाणाबाहेर जाते. एवढं वजन गळ्यात अडकवून तुम्ही-आम्ही दिवसभर फिरलो तर आपलीही पाठ मोडेल."

बनाबाईनं हळूच विचारलं, "लगीन केलं की बरं व्हतंय, म्हणत्यात."

"लग्नानं पाठ बरी झालेली मी अजून बघितलेली नाही," बाई म्हणाल्या. धोंडुबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. "मलम देते, त्यानं जखमा सुकतील. पण मूळ दुखणं जायचं तर ऑपरेशन आहे. मिरजेला डॉक्टर हिवाळे ते करतात. एकदा त्यांना भेटा. भेटलं म्हणजे करायलाच पाहिजे असं नाही."

मिरजेचा मोठा दवाखाना बनाबाईला ऐकून माहीत होता. तिच्या माहेरची माणसं तिथं जायची ती अगदी शेवटचा उपाय म्हणून. टांग्यातून उतरताना तिनं राहीचा हात धरला. हिवाळे डॉक्टर मात्र तिला वाटले होते तसे कडक नव्हते. सावळा, ठेंगणा माणूस. बोलताना पेन्सिल कानावर अडकवायची सवय. त्यांनी आधी वाढीची चौकशी केली. गेलं वर्षभर माप तेवढंच आहे हे कळल्यावर म्हणाले, "मग करता येईल. वाढ चालू असताना केलं तर पुन्हा करायची पाळी येते."

मग त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. जास्तीचा भाग काढायचा, बाकीचं नीट बसवून शिवायचं. मुलीला गुंगी देऊन झोपवायचं. रक्त द्यावं लागेल. टाके भरून आल्यावरही वण राहतील, ते जन्मभर दिसतील. काही ठिकाणी कातडी बधिर राहू शकते. "आणि एक गोष्ट आईनं नीट ऐकावी," ते थांबून म्हणाले. "पुढं मूल झालं तर अंगावर दूध येईल की नाही, मी सांगू शकत नाही. येईलही. कमी येईल. कदाचित येणारही नाही."

बनाबाईचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी तो बघितला, पण पुढचा प्रश्न त्यांनी राहीला विचारला. "तुला काय वाटतं, बाळ?"

राहीनं आईकडं बघितलं, आत्याकडं बघितलं. कोरेगावची माणसं आली तेव्हा, शाळा सुटली तेव्हा, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मला पालथं झोपायचंय," ती म्हणाली. मग जरा धीर येऊन, "आन् शाळंत जायचंय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली. "आईवडिलांपैकी एकानं हो म्हणायला पाहिजे. घाई नाही. विचार करून या."

सांगलीला धोंडुबाईच्या खोलीवर परतल्यावर बनाबाईनं सांगून टाकलं. "मला न्हाई जमायचं, वन्सं. देवानं दिल्यालं दूध कापून टाकायचं? उद्या हिच्या लेकरानं भुकेनं टाहो फोडला तर मी काय सांगू?"

"तुझी लेक आज टाहो फोडत न्हाई, म्हणून तुला ऐकू येत न्हाई," धोंडुबाई म्हणाली, आणि तिनं तो विषय तिथंच सोडला.

सकाळी दोघी कृष्णेच्या घाटावर धुणं घेऊन गेल्या. नदी उन्हाळ्यानं आत सरकली होती, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. राही खोलीवरच होती. मलमानं जळजळ थांबली होती आणि ती पहिल्यांदाच उन्हं वर येईपर्यंत झोपली होती. बनाबाई लुगडं आपटायला वाकली आणि मध्येच थांबली. एक हात आपोआप मानेमागं गेला.

"मान धरली?" धोंडुबाईनं विचारलं.

"रोजच धरती."

"रोजच? कवापासनं?"

बनाबाई विचार करू लागली. "लगीन व्हायच्या आधीपासनं असंल."

धोंडुबाईनं हातातला साबण पायरीवर ठेवला. बनाबाईनं इकडंतिकडं बघितलं. घाटावर जवळपास कुणी नव्हतं. तिनं खांद्यावरून पदर आणि पोलक्याची बाही जराशी खाली सारली. तिथंही चर होता. राहीएवढा खोल नव्हता, पण जुना, काळवंडलेला, बोट ठेवलं तर बोट बसेल असा.

"मला वाटायचं, समद्याच बायकांना असतंय," ती म्हणाली.

धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या सपाट अंगाकडं बघितलं. "माझ्याकडं काय हाय, बने? मला तर जन्मात कवा न्हाई दुखलं."

आणि दोघी हसल्या. हसता हसता बनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते थांबेना. विसाव्या वर्षी डोईवर वैरणीचा भारा घेऊन चालताना तिला वाटायचं की मान तुटून पडेल. आईला सांगितलं तर आई म्हणाली होती, पट्टी जरा घट्ट बांध. तेच वाक्य तिनं लेकीच्या हवाली केलं होतं. घरातल्या पाटल्या-बांगड्या हवाली कराव्यात तसं. लेकीला अंगावर पाजलं तेव्हाचे दिवसही तिला आठवले. सुख होतंच त्यात. पण त्या सुखातसुद्धा पाठ ठणकत होती, आणि ती कुणाला बोलली नव्हती.

धोंडुबाईनं तिला रडू दिलं. तिनं बनाबाईच्या वाटणीची लुगडीही धुऊन पिळली.

"राहीला ठेवा तुमच्याजवळ," बनाबाई शेवटी म्हणाली. "मी वाडीला जाऊन येते. थोरल्या भावजींस्नी माझ्या तोंडानं सांगितलं पायजे."

ती एकटी कधी आगगाडीत बसली नव्हती. मिरजेहून निघालेल्या गाडीत खिडकीशी बसून ती मनाशी वाक्यं जुळवत होती. रहिमतपूरला उतरेपर्यंत त्यातलं एकही ध्यानात राहिलं नाही.

आप्पासाहेब सोप्यात दोर वळत बसले होते. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खांबाआड उभी राहून सगळं सांगितलं. आजवर दिरांशी ती एवढं लांबलचक कधी बोलली नव्हती. आप्पासाहेबांचा हात दोरावर थांबला.

"कापाकापी?" ते म्हणाले. "पोरीच्या अंगाची? आन् हंबीररावाला इचारल्याबिगर?"

"त्येंच्यापातूर कागद जाऊन माघारी येईस्तवर पावसाळा लागंल. तवर पोरगी अशीच ऱ्हाईल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते म्हणून झालंय, भावजी. कोरेगावची बाई ह्याच सोप्यात म्हणून गेली."

आप्पासाहेबांनी ते ऐकलं होतं, आणि त्यांना ते बोचलंही होतं. त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् टेबलावरच पोरीचं काय बरंवाईट झालं तर? मी भावाला काय तोंड दावू?"

इथं बनाबाईचाही धीर सुटायला आला. तिला दिरांचा रागच अपेक्षित होता. ते भ्यालेत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "भ्या मला बी वाटतंय," ती म्हणाली. "पर त्येंनी जाताना पोरगी माझ्या हवाली केलीया. तिची पाठ मी बघितली. आता न बघितल्यासारखं न्हाई करता यायचं. उद्या सकाळच्या गाडीनं मी जाणार."

जाऊ का, असं तिनं विचारलं नाही, हे तिच्या स्वतःच्याही उशिरा लक्षात आलं.

सकाळी ती पिशवी भरून बाहेर आली तर दारात बैलगाडी जुंपलेली. आप्पासाहेब कासरा धरून बसले होते. "मला पटल्यालं न्हाई," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "पर बाईमाणसानं टेसनापातूर चालत जावं, एवढं काय न्हाई." गाडीत गुळाची एक ढेप कापडात बांधून ठेवली होती. ती कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "डाक्तरला. त्येचा हात गोड ऱ्हावा."

ऑपरेशनच्या दिवशी धोंडुबाईनं वखारीत खाडा केला. रक्त द्यायची वेळ आली तेव्हा तीच आधी दंड पुढं करून उभी राहिली, पण तिच्याकडं नजर टाकून नर्सबाई म्हणाली, "आजी, तुम्हालाच चढवायची पाळी येईल." बनाबाईचं रक्त जुळलं. बाटलीत ते उतरताना बघून तिला वाटलं होतं चक्कर येईल, आली नाही. उलट हात रिकामे ठेवून बाकावर बसण्यापेक्षा हे बरं वाटलं.

राहीला ढकलगाडीवरून नेताना ती आईचा पदर मुठीत धरून होती. दारापाशी नर्सनं मूठ सोडवली. मग बसून राहणं. दुपारची जेवणं झाली, व्हरांड्यातलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी दार उघडेना. धोंडुबाई वखारीतल्या बायकांच्या गोष्टी सांगत होती, त्यातली एकही बनाबाईच्या कानात शिरत नव्हती. शेवटी हिवाळे डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली, तर कपाळावर तिचा वळ उमटला होता.

"झालं," ते म्हणाले. "मुलगी ठीक आहे. थोड्या वेळानं बोलेल."

राही बोलली ती संध्याकाळी, आणि ती म्हणाली, "आय, पाणी." पाणी लगेच द्यायचं नव्हतं. बनाबाईनं ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले आणि मग बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर मनसोक्त रडून घेतलं.

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. डाव्या बाजूचे दोन टाके सुटले, तिथं जखम चिघळली, ताप आला. त्या दिवसांत बनाबाईच्या मनात नको नको ते येऊन गेलं. आप्पासाहेबांचं बोलणं आठवलं की ती पुढ्यातली भाकरी बाजूला सारायची. पण रोजची मलमपट्टी चालू राहिली, इंजेक्शनं चालू राहिली, आणि जखम तळापासून हळूहळू भरत आली. एका सकाळी राही खाटेवरून उतरली, भिंतीला धरून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

"काय गं? घेरी येती का?" बनाबाईनं विचारलं.

"न्हाई. म्होरं कायतरी वढत असायचं, ते न्हाई," राही म्हणाली. "आय, मी पडंन का काय असं वाटतंय. एवढं हलकं हाय."

ती सरळ उभी राहिली तेव्हा बनाबाईच्या लक्षात आलं की लेक आपल्यापेक्षा उंच झालीय. कधी झाली, ते कळलंच नव्हतं.

पालथं झोपायला डॉक्टरांनी अजून बरेच दिवस मनाई केली होती. त्याची परवानगी मिळाली ती सांगलीत, गोसावी बाईंकडं फेरतपासणीला गेल्यावर. त्या दुपारी धोंडुबाईच्या खोलीत राही उशीत तोंड खुपसून, हातपाय पसरून जी झोपली ती दिवेलागणीला उठली. तेवढा वेळ दोघी बायका हळू आवाजात बोलत होत्या, भांडंसुद्धा वाजू देत नव्हत्या.

दवाखान्यातल्या सिस्टरनं राहीसाठी आतून घालायची एक चोळी बेतून दिली होती. तिला खांद्यावर तीन बोटं रुंद पट्टे होते आणि खाली आधाराला दुहेरी कापड. वजन एका बारीक पट्टीवर न पडता सगळ्या पाठीवर पडायचं. बनाबाईनं ती उलटीपालटी करून बघितली आणि तिच्यातली शिवणारीण जागी झाली. वाडीला आल्यावर तिनं तशीच एक स्वतःसाठी शिवली. अंगात घालून वैरणीचा भारा उचलला आणि परड्यातच थांबली. भारा खाली ठेवून पुन्हा उचलून बघितला.

वाडीत बोलायचं ते लोक बोललेच. पोरीला काय रोग झाला होता, आता तिच्याशी लग्न कोण करणार, असं पाणवठ्यावर चाललं. बनाबाईनं कुणाला लपवाछपवीचं उत्तर दिलं नाही. "पाठीचं दुखणं हुतं, छातीचा भार हुता, मिरजेला जाऊन काढला," एवढं सरळ सांगायची. सरळ सांगितल्यावर बोलणाऱ्यांना पुढं विचारायला काही उरत नसे. आणि मग एकेक बाई मागच्या दारानं येऊ लागली. वरच्या आळीतली धुळाची आई आली, शेजारची हरणाबाई आली. आधी मिठाचं, मिरचीचं काहीतरी निमित्त काढायची, मग आवाज खाली आणून म्हणायची, "ती रुंद पट्ट्याची चोळी मला बी शिवून देशील का गं?" बनाबाई मापं घ्यायची. कितीतरी खांद्यांवर तिला तो जुना चर सापडला.

पावसाळ्यात राही पुन्हा नववीत बसली. वर्गातल्या मुली तिच्यापेक्षा लहान होत्या, पण ती रोज कोसभर चालत जायची आणि कोसभर चालत यायची.

हंबीरराव सुट्टीवर आला तो दिवाळीच्या तोंडावर. ट्रंक खाली ठेवली, गुळपाणी झालं. बनाबाईनं आधी ठरवून ठेवलं होतं की दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याला कळायच्या आत आपण सांगायचं. तिनं सांगितलं. आप्पासाहेब सोप्यातच बसले होते, तरी सांगितलं. हंबीरराव ऐकत राहिला. त्याचा चेहरा कठीण झाला.

"मला कळवायचं न्हाई?" तो म्हणाला.

"कळवलं असतं तर तुमी तिकडं बर्फात बसून काय केलं असतं? नुसता घोर."

"तरी बी कळवायचं." त्याला लागलं होतं, आणि ते बरोबरही होतं. बनाबाईनं मान खाली घातली.

मग वळत असलेल्या दोरावरून नजर न काढता आप्पासाहेब म्हणाले, "मी न्हाई म्हणलो हुतो. तिनं ऐकलं न्हाई. आन् बरंच झालं, ऐकलं न्हाई ते."

तेवढ्यात राही शाळेतून आली. बापाला बघून ती पळत आली. दारातून सोप्यापर्यंत, दप्तर खांद्यावर उडवत. तिला पळताना बघून हंबीरराव उठून उभा राहिला. जवळ आल्यावर त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता दुखतंय का?"

"न्हाई, आबा."

"मग झालं," तो म्हणाला. रात्री जेवताना त्यानं दोनदा आमटी मागून घेतली, तेव्हा त्याचा रुसवा गेल्याचं बनाबाईला समजलं.

राही मॅट्रिक झाली आणि मग तिचं लग्न ठरलं, पाटणच्या दादासो नावाच्या मुलाशी. तो तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. बोलणी पक्की व्हायच्या आधी धोंडुबाईनं मुद्दाम सांगलीहून येऊन मुलाच्या आईला, आक्काताईला, बाजूला घेतलं आणि सगळं उघड सांगितलं. वण आहेत, दूध येईल न येईल. पटत असेल तर पुढं बोलू. आक्काताई जाडजूड, संथ बाई. तिनं सुपारी कातरता कातरता विचारलं, "पोरगी कष्टाला कशी हाय?"

"आता कसल्या बी कष्टाला मागं न्हाई," धोंडुबाई म्हणाली.

"मग ऱ्हायलंय काय?"

एकोणसत्तर साली राहीला मुलगी झाली. बाळंतपण तिनं पाटणलाच करायचं ठरवलं होतं, म्हणून बनाबाईच तिकडं जाऊन राहिली. दूध आलं ते थोडं, तेही एकाच बाजूला. पहिल्या आठवड्यात बाळ पोट न भरून रडायचं आणि राही भिंतीकडं तोंड करून बसायची. बनाबाईच्या मनात घाटावरचा तो दिवस येऊन जायचा. एकदा तिनं लेकीला विचारलंच, "तवा हो म्हणले ते चुकलं का गं माझं?"

राहीनं डोळे पुसले. "न्हाई, आय. वाईट वाटतंय, ते येगळं. आन् चुकलं, ते येगळं."

आक्काताई वाटी-चमचा घेऊन आत आली. गायीचं दूध उकळून, पाणी घालून, कोमट करून आणलं होतं. ती नातीला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "माझी तिन्ही पोरं वाटी-चमच्यावर वाढली. मला एक थेंब आला न्हवता. त्यातला एक आज पलटणीत हाय. आता तू निवांत पड."

बाळानं चुळबुळ केली, नाक फेंदारलं आणि चमचा चोखायला लागलं. महिन्याभरात त्याच्या मनगटाला वळ्या पडल्या.

सव्वा महिना झाल्यावर बनाबाई वाडीला निघाली. राही तिला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. कडेवर लेक, डोक्यावर आईचं गाठोडं. आईनं कितीदा मागितलं तरी दिलं नाही. चढाची वाट होती. बनाबाई मागून चालत होती आणि पोरीच्या चालीकडं बघत होती. गाडी लागलेलीच होती. राहीनं गाठोडं टपावर दिलं, आईला खिडकीची जागा धरून दिली आणि म्हणाली, "आत्तीला सांग, शिमग्याला पोरीला घेऊन सांगलीला येतो म्हणावं. येताना हळद घिऊन यायची हाय."

"सांगते," बनाबाई म्हणाली. गाडी सुटली तेव्हा राही वळून झपाझप चढ चढायला लागली होती.